पत्र्यावर ठेवलेली कॅसेट

५ एप्रिल, शनिवार

हाताचं प्लास्टर निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, बोटं आखडलीत. रोज थोडं थोडं लिहीत जा." मी म्हटलं, "भाकरी थापते की." तर म्हणे, भाकरी थापाच, पण लिहाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर सहीशिवाय काही लिहिलं असेल तर मला आठवत नाही. विनीतने, म्हणजे नातवाने, हापिसातून मिळालेली डायरी दिली. "कोणी वाचणार नाही आजी, बिनधास्त लिही." माझं अक्षर ज्याला लागेल त्याने खुशाल वाचावं.

विनीतने भिंतीएवढा टीव्ही आणलाय. त्यावर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकातला केससुद्धा दिसतो. आता त्याच्या डोक्यात आलंय की घरातल्या सगळ्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या. त्याच्या आईबापाचं लग्न, त्याचं बारसं, चाळीतला गणपती. मग ते सगळं टीव्हीवर, फोनवर, अमेरिकेतसुद्धा दिसेल. मी विचारलं, अमेरिकेत आपलं कोण आहे? म्हणतो, "आजी, पॉइंट तो नाहीये."

कॅसेटी माझ्या लोखंडी पेटीत. पेटी उघडली तर कॅसेटींच्या छोट्या काचेतून आत पांढरं पांढरं दिसलं. लोणच्यावर धरते तसली बुरशी. बोटं दुखली. पुरे.

७ एप्रिल, सोमवार

कुंदा येऊन गेली. कुंदा माझी नणंद, सोनिवलीला नव्या बिल्डिंगीत एकटी राहते. आधी नवरा गेला, मग प्रज्वल. प्रज्वल तिचा एकुलता एक, तोही इतक्या उशिरा झालेला की सासूबाईंनी विषय काढायचा सोडला होता. तीन वर्षांमागे मोटारसायकलवरून गेला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

तिने टॉवेलात गुंडाळून एक कॅसेट आणली होती. प्रज्वलच्या पहिल्या वाढदिवसाची. त्या दिवशी तो पहिल्यांदा चालला, ते त्यात आहे. लावायला मशीन नाही म्हणून कैक वर्षं बघितली नव्हती.

म्हणाली, "वहिनी, फोटो ढीगभर आहेत गं. पण फोटोत तो हलत नाही."

मी म्हटलं, "चहा घेणार की सरबत?" दुसरं काय बोलणार होते.

निघताना म्हणाली, "पोरांच्या हातात देऊ नकोस. तू स्वतः ने. तुझ्या हातून कधी काही वाया जात नाही." खरंच आहे ते. मी आमटीची वाटीसुद्धा कधी ओतून दिलेली नाही.

९ एप्रिल, बुधवार

उल्हासनगरला गेले. विनीत म्हणाला, मी शनिवारी नेतो. मी म्हटलं, कुंदाने मला सांगितलंय. तिथे दोन नंबरच्या कॅम्पात हरेश म्हणून एक सिंधी आहे, त्याचं दुकान जुन्या मशिनींनी असं भरलंय की गिऱ्हाइकाने श्वास बाहेर सोडावा आणि मग आत शिरावं.

त्याने एकेक कॅसेट उजेडात धरून बघितली. "माताजी, फंगस आहे. ऐसे ही चलाया तो टेप भी जाएगा और मेरा मशीन भी. आधी साफ करायला लागेल."

"मग करा."

"लग्नाचा सीझन है ना. आठवडाभर हात रिकामा नाही. यहीं छोड जाओ."

"आणि तुम्ही दुसऱ्याच्या लग्नात आमची माणसं घातली म्हणजे?"

हसला मेला. "ठीक है, घर ले जाओ. पर घर पे कुछ करना मत. तेल नाही, पाणी नाही, रगडायचं नाही. मंगळवारला घेऊन या."

कुंदाच्या कॅसेटला सगळ्यात जास्त बुरशी होती. टॉवेल दमट असणार. आयुष्यभर त्या बाईला कपडे नीट वाळवून घड्या घालता आल्या नाहीत.

११ एप्रिल, शुक्रवार

लिहू की नको असं झालंय.

सकाळी कुरडया घालायला गच्चीवर गेले. ऊन असं की डोळा उघडवत नव्हता. मनात आलं, मंगळवारपर्यंत ती बुरशी आत वाढत बसणार. बुरशीला ऊन दाखवायचं असतं. डाळीला दाखवतो, चिंचेला दाखवतो, गोधडीला दाखवतो. ह्या बिल्डिंगीत माझ्यासारखं वाळवण कोणाचं होत नाही, हे तळमजल्यावरची बनूबाईसुद्धा कबूल करते, आणि ती कोणाचं काही कबूल करणारी नाही.

कॅसेटी बाजेवर ओळीने मांडल्या, वरून जुनं लुगडं टाकलं. कुंदाची मात्र मी वेगळी काढली. तिला जास्त ऊन पाहिजे म्हणून पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्यावर ठेवली, उघडी.

दुपारी किर्ती, माझी सून, कपडे काढायला वर आली. तिने बाजेकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, कपडे घेतले आणि गेली. काही बोलली नाही. बोलायचं होतं ना तेव्हाच.

चार वाजता उचलायला गेले तर पत्र्यावरच्या कॅसेटीने हाताला चटका दिला. पापड तळताना कडेने वळतो तशी वळली होती. झाकण मिटेना. आतली काळी पट्टी एके ठिकाणी चुरगाळून चिकटली होती. बाजेवरच्या सगळ्या ठीक.

घरी आणून सपाट फळीवर ठेवली आणि वर पाटा ठेवला. सरळ होईल.

१२ एप्रिल, शनिवार

सरळ नाही झाली. चीर गेली.

१५ एप्रिल, मंगळवार

हरेशकडे गेले. पिशवी दिली आणि निघणार होते, पण त्याने कुंदाचीच आधी काढली.

"ये क्या हुआ?"

"काय झालं?"

"माताजी, ये गरमी का काम है. गाडीत ठेवली होती? धूप में?"

"पेटीत होती. तशीच आणलीय."

"उस दिन तो ठीक थी. मी स्वतः बघितली."

"मग त्या दिवशी तुमच्याच हातून काहीतरी झालं असेल."

हे मी बोलले. तोंडाला आलं आणि गेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, कॅसेट बाजूला ठेवली आणि म्हणाला, "कोशिश करतो. पक्कं बोलत नाही काही." रिक्षावाल्याकडून सुटे परत घ्यायला मी विसरले. ऊन लागलं असेल.

आणि एक आहे. तेल नको, पाणी नको, रगडायचं नाही, असं तो म्हणाला होता. ऊन नको असं म्हणाला नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. नव्हताच म्हणाला.

१९ एप्रिल, शनिवार

विनीत बाकीच्या कॅसेटींचं घेऊन आला. एवढाल्या डबड्यांतलं सगळं नखाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावलंय म्हणतो. कुंदाची नाही मिळाली. हरेशने सांगितलं, ती आली तीच वाकडी.

विनीतने मला विचारलं, "आजी, तू दिलीस तेव्हा बरी होती ना?"

"होती," मी म्हटलं.

एवढंच. एक शब्द. पण मग तो पोरगा असा काही चिडला. "कुंदाआजीकडे दुसरं आहे काय! आणि हा आजीवर ढकलतो!" फोन काढून त्याने दुकानाच्या नावाखाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, एक स्टार दिला आणि मला वाचून दाखवलं. निष्काळजी, बेजबाबदार, म्हाताऱ्या माणसांना फसवणारा.

किर्ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "विनीत, आधी नीट चौकशी करावी माणसाने."

"अगं आई, आजी खोटं कशाला बोलेल?"

किर्तीने पोळी तव्यावर टाकली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला कळलंय का? कळलं असतं तर बोलली असती. माझीच सून आहे.

२० एप्रिल, रविवार

आज सगळ्यांनी बसून बघितलं. महेंद्रचं, माझ्या पोराचं, लग्न. तो स्वतः इतका बारीक होता की हार जड होऊन पुढे वाकलेला. मग आमचे मालक, विनीतचे आजोबा, आले, चालत, थेट पडद्यातून आपल्या अंगावर. मिशी काळी. सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "शर्टातून बनियन दिसतंय. मी तेव्हाच सांगितलं होतं."

विनीत मधेमधे थांबवून विचारत होता, हा कोण, ही कोण. मी सांगत गेले, तो कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं नाव घालत गेला. म्हणतो, नाव घातलं की ते माणूस पुन्हा शोधता येतं. एका कोपऱ्यात छोटा प्रज्वल दिसला, खुर्चीवर झोपलेला, तोंडावर कोणाची तरी पर्स. हलत नव्हता.

संध्याकाळी विनीतने कुंदाला फोन करून सांगितलं आणि मग मला दिला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "असू दे वहिनी. त्या माणसालाही काय बोलायचं. तू तरी बिचारी काय करणार? दोनदा तंगडतोड केलीस माझ्यासाठी एवढ्या उन्हाची."

फोन ठेवल्यावर मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. पित्त झालं होतं.

२३ एप्रिल, बुधवार

हरेशचा फोन. विनीतच्या नाही, घरच्या नंबरवर. मीच उचलला. त्याला ते ठाऊक असावं.

"माताजी, तुमच्या मुलाने जे लिहिलं आहे ना, ते काढायला सांगा. गिऱ्हाईक वाचतात. कल एक पार्टी आयी, पूरी शादी का काम था, फोन में देखके चली गयी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"धूप का मी अजून कोणाला काही बोललो नाही. लेकिन बोलूंगा. मेरा धंदा है, माताजी. मी काय देव नाही."

"बरं," मी म्हटलं.

"और सुनो. खराब टेप कापून टाकली, चांगली होती ती दुसऱ्या डब्यात भरली. थोडं निघालंय. लडके के फोन पे भेजता हूँ."

थोडं निघालंय म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी त्याला जेवण झालं का विचारलं. तो म्हणाला, "हो गया." आणि फोन ठेवला. मी विनीतला फक्त थोडं निघालंय तेवढं सांगितलं. थोडं निघालंय म्हणजे चालणारं पोरगं निघालं असेल. मग बाकीचं बोलायची काय गरज?

२७ एप्रिल, रविवार

कुंदाला बोलावलं होतं. तिने नवी साडी नेसली होती.  घरातल्या घरात टीव्ही बघायला नवी साडी.

विनीतने लावलं. आधी नुसत्या मुंग्या, मग रंगाचे पट्टे, मग चाळीतली आमची जुनी खोली. भिंतीला पताका. लोकांच्या हातात ताटल्या. गलका. कोणीतरी ओरडलं, "अरे चालला, चालला, बघ चालला!" आणि त्याच वेळेला कॅमेऱ्यासमोर एक पोपटी साडी येऊन उभी राहिली. ही मोठी पाठ. अंबाडा. दुसरं काही दिसेना.

ती मी होते.

आवाज येत होते, टाळ्या वाजत होत्या, पोरगं माझ्या पुढ्यात कुठेतरी चालत होतं आणि सगळ्या पडद्यावर माझी पाठ. ह्या टीव्हीवर तर भिंतीएवढी.

कुंदा पुढे सरकून बसली होती. हळूच म्हणाली, "वहिनी, सरक ना जरा."

मला नाही, टीव्हीतल्या मला म्हणाली. पण मी सोफ्यावरून सरकले. आणि मग पुन्हा मुंग्या आल्या. विनीत म्हणाला, एवढंच वाचलंय.

कुंदा म्हणाली, "पुन्हा लाव." त्याने लावलं. ती पुन्हा म्हणाली, "सरक ना गं."

तिसऱ्या खेपेला मला बसवेना. मी म्हटलं, "बंद कर रे. कुंदा, ती कॅसेट मी पत्र्यावर ठेवली होती. त्या दुकानदाराने काही केलेलं नाही. बुरशी जावी म्हणून मी उन्हात ठेवली."

कुंदा टीव्हीकडेच बघत होती. "कुठल्या पत्र्यावर?"

"टाकीवरच्या."

"सगळ्या ठेवल्या होत्यास?"

"नाही. बाकीच्या बाजेवर होत्या. लुगड्याखाली."

"मग माझीच का?"

"तिलाच जास्त बुरशी होती."

ती उठली. चपला घातल्या. उलट्या घातल्या होत्या, मग काढून सरळ घातल्या. किर्ती तिला सोडायला खाली गेली. विनीत माझ्याकडे असा बघत होता जसा मी परका माणूस आहे आणि चुकून घरात आलेय.

किर्ती बऱ्याच वेळाने वर आली. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. रिक्षा मिळेपर्यंत माझा हात धरून उभ्या होत्या."

"तुला ठाऊक होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"आई, मला वाटलं, तुम्ही बोलाल."

२८ एप्रिल, सोमवार

विनीतने फोनवरचं लिहिलेलं काढून टाकलं. नुसतं काढून भागणार नाही, असं किर्ती म्हणाली, म्हणून त्याने चूक आमची होती असंही लिहिलं. मग मला म्हणाला, चल, तोंडाने सांगायला जाऊ. गेलो. हरेश गिऱ्हाइकात होता. मी म्हटलं, "तुमची काही चूक नव्हती." तो म्हणाला, "मालूम है." चहा विचारला नाही. विचारावा असं मी काय केलं होतं!

येताना विनीत पालेगावच्या वळणावर म्हणाला, "आजी, मी तुझ्या नावाने भांडलो." मी म्हटलं, "ठाऊक आहे." त्याला आणखी काहीतरी हवं होतं. 

३ मे, शनिवार

कुंदाचा फोन नाही. आपण करावा तर काय बोलायचं? कुरडया पाठवाव्यात असं मनात आलं. त्याच उन्हातल्या त्या. नाही पाठवल्या.

४ मे, रविवार

सकाळी दाराची बेल वाजली, बघते तर कुंदा. आज साधी साडी. पाणी प्यायली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"तू होतीस ना तिथे," म्हणाली. "कॅमेऱ्याला दिसलं नाही, पण तुला दिसलं असेल. तो तुझ्या पुढ्यातच होता. मग तूच सांग."

"काय सांगू?"

"सगळं. कसा चालला ते."

विनीतने न विचारता फोन मधे ठेवला, आवाज भरून घ्यायला. किर्ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

आता खरं लिहिते, कारण इथे कोणी वाचत नाही. त्या दिवशी मी पोराकडे बघत नव्हते. मला पुऱ्यांची काळजी होती. माणसं भरमसाट आली होती आणि पलीकडच्या खोलीत पुऱ्या तळणारी बाई हळू हात चालवत होती. मी मधे उभी राहून दारातून पुऱ्यांची परात बघत होते. सगळी खोली ओरडली, चालला चालला, आणि मी परात बघत होते. सगळ्यात जवळ मी होते, आणि मी बघितलं नाही. ऊन, पत्रा, बुरशी हे सगळं अडाणीपणाचं म्हणून सोडता येईल. हे कशात घालू?

पण कुंदा बसली होती समोर. तिला काय सांगणार, मी पुऱ्या बघत होते?

मी म्हटलं, "पिवळा बाबासूट होता त्याच्या अंगात."

कुंदा म्हणाली, "हो. पिवळाच."

"भिंतीला धरून उभा होता. मग हात सोडला. दोन पावलं टाकली आणि बदकन बसला. सगळे हसले तर त्याला राग आला. मग पुन्हा उठला."

"स्वतःहून?"

"स्वतःहून. कोणाचा हात नाही घेतला. मग चालत सुटला तो थेट."

"कोणाकडे?"

"तुझ्याकडे. आणखी कोणाकडे जाणार?"

कुंदाने डोळे मिटले. मी सांगत राहिले. हात कसे वर धरले होते, तोंडातून लाळ कशी गळत होती, तिच्या साडीला त्याने कशी मूठ मारली. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. मला ते सगळं दिसायलाच लागलं. खोटं कबूल करून जेमतेम आठवडा झाला आणि मी पुन्हा खोटं सांगत होते, तेही फोनमध्ये भरून ठेवायला. ह्या जिभेला काही शरम नाही.

विनीतने ते कॉम्प्युटरवर घेतलं. माझ्या पाठीचा तो तुकडा आणि हा आवाज त्याने एका ठिकाणी ठेवला, आणि वर लिहिलं, प्रज्वल, पहिला वाढदिवस. आता ते कायमचं राहील म्हणतो. शंभर वर्षांनीसुद्धा कोणी बघितलं तर त्याचा बाबासूट पिवळाच असणार.

जाताना कुंदा दारात थांबली. "वहिनी, पुढच्या रविवारी येते. तेव्हा केक कापल्याचं सांग." आणि खाली उतरली, कठड्याला धरून.

मी किर्तीला म्हटलं, "केक होता की नव्हता, मला काही आठवत नाही."

किर्ती म्हणाली, "नव्हता आई. आत्यांनी मला कितीदा सांगितलंय. बेकरीवाल्याने ऐन वेळेला दगा दिला म्हणून शिऱ्याची मूद करून त्यावर मेणबत्ती लावली होती."

म्हणजे कुंदाला ठाऊक आहे. आणि तीही त्या खोलीतच होती, तिचे डोळे काही पुऱ्यांवर नव्हते. बाबासूट कुठल्या रंगाचा होता तेही तिला पक्कं ठाऊक असणार. मग मला विचारते कशाला? किर्तीला विचारलं तर ती नुसतीच कोथिंबीर निवडत बसली. वय झालं कुंदाचं, विसरत असेल.

मोठा सांगावा केक. गुलाबी. वर त्याचं नाव, ठसठशीत.